परसातले झाड आणि त्यावरचे अळंबे



आषाढाची झड आठ-दहा दिवस एकसारखी लागली, म्हणजे घरामागच्या एखाद्या जुन्या झाडाच्या वठलेल्या फांदीवर एके सकाळी पांढरट, मऊ, शिंपल्यांसारखी चवड उगवलेली दिसते. काल संध्याकाळी तेथे ओल्या सालीवाचून काही नव्हते. शहरातील घरी हे दिसले, तर घरातील वडील मनुष्य ‘कुत्र्याची छत्री’ एवढे म्हणून काठीने ते पाडून टाकतो आणि मुलांना हात धुवावयास सांगतो. हीच चवड भीमाशंकरच्या डोंगरावर एखाद्या महादेव कोळ्याच्या घरामागे उगवली, तर त्या घरची म्हातारी प्रथम झाड कोणते ते पाहते, मग चवडीची खालची बाजू पाहते, बोटाने चेपून पाहते, वास घेते आणि मगच ती घरात न्यावयाची की तशीच ठेवावयाची याचा निर्णय करते. एकाच वस्तूकडे पाहण्याच्या या दोन दृष्टी आहेत. त्या एकमेकींपासून केव्हा व कशा दुरावल्या आणि त्या दुराव्याने आपले काय गेले, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम स्थळाची ओळख करून घेऊ. पुणे जिल्ह्यातील आंबेगाव व जुन्नर या तालुक्यांचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीचा माथा होय. भीमा, घोड, मीना, कुकडी या नद्या याच माथ्यावरून पूर्वेकडे निघतात. पश्चिमेस कडा एकदम तुटतो व खाली कोकण दिसू लागते. माथ्यावर महादेव कोळ्यांची वस्ती, तर पायथ्याशी ठाकर व कातकरी. भात, नाचणी व वरई ही येथील पिके, आणि हिरडा हे रानातून मिळणारे रोख उत्पन्न. भीमाशंकर हे ज्योतिर्लिंगाचे स्थान म्हणून सर्वश्रुत आहे. येथील देवळाच्या शिखराच्या कामाशी नाना फडणिसांचे नाव जोडलेले आहे. देवळाभोवतालचे सुमारे १३० चौरस किलोमीटरचे रान १९८५ मध्ये अभयारण्य म्हणून जाहीर झाले व तेथील शेकरू ही मोठी खार राज्याचा मानाचा प्राणी ठरली. पावसाळ्याचे चार महिने या माथ्यावर ढग उतरलेले असतात, आणि लाकूड वाळावयास सवडच मिळत नाही. अळंब्यांना याहून अनुकूल स्थळ कोणते असणार?

आता अळंबे ही वस्तू काय आहे, तेही थोडक्यात सांगितले पाहिजे. आपण ज्याला अळंबे म्हणतो ते त्या जीवाचे सर्व शरीर नव्हे. ते त्याचे फळ आहे. खरा जीव लाकडाच्या आत, डोळ्यांना दिसणार नाहीत इतक्या बारीक तंतूंच्या रूपाने वर्षानुवर्षे पसरलेला असतो. लाकडाला जो कठीणपणा येतो तो लिग्निन नावाच्या द्रव्यामुळे. हे द्रव्य पचविणे फार थोड्या जीवांना साधते, आणि लाकडावर वाढणाऱ्या कित्येक कवकांना ते साधले आहे. ती लिग्निन खातात, तेव्हा मागे राहिलेले लाकूड फिकट, तंतुमय व हलके होते. यास श्वेतकूज असे म्हणतात. पावसाने ओल पुरेशी झाली, की आतला जीव सालीबाहेर फळ धरतो. म्हणून ते एका रात्रीत उगवल्यासारखे वाटते. वस्तुतः त्याची तयारी आत अनेक महिने चाललेली असते.

या जीवांना हिरवा रंग नाही, मूळ नाही, फूल नाही. ते वनस्पतींत घालावेत की कसे, हा वाद पंडितांत फार काळ चालला. १९६९ मध्ये व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांची पाच राज्ये कल्पिली व त्यांत कवकांना वनस्पतींपासून अगदी निराळे असे स्वतःचे राज्य दिले. आज ही गोष्ट शाळेतील मुलालाही ठाऊक असते. परंतु त्यापूर्वीच्या कोणत्याही ग्रंथात अळंबे शोधावयाचे, तर ते भाज्यांत, औषधींत किंवा निषिद्ध पदार्थांत शोधावे लागते.

आपल्याकडील प्राचीन ग्रंथांत ते या तिन्ही ठिकाणी सापडते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात भाज्यांचे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांत अशा उगवणाऱ्या पदार्थांचा एक वर्ग आहे. तेथे त्यांची पाच उत्पत्तिस्थाने दिली आहेत: धान्याचा पेंढा, ऊस, शेण, वेळू आणि जमीन. ही यादी करणाऱ्याने नीट पाहिलेले होते, यात संशय नाही, कारण पेंढ्यावरचे अळंबे व शेणावरचे अळंबे हे आजही आपण निरनिराळे मानतो. परंतु या पाचांत झाड नाही. पुढे सोळाव्या शतकात भावमिश्राने भावप्रकाश लिहिला, तेव्हा त्याने भूमी व शेण यांच्याबरोबर लाकूड व वृक्ष यांचाही स्पष्ट उल्लेख केला. त्याच्या मते असल्या सर्वच भाज्या थंड, जड व दोष वाढविणाऱ्या. मात्र स्वच्छ जागी, लाकडावर, वेळूवर किंवा गोठ्याच्या आसपास उगवणाऱ्या पांढऱ्या जाती फारशा बाधत नाहीत, बाकीच्या वर्ज्य समजाव्यात. वैद्याने येथे निषेध करता करता थोडी सवलत ठेवली आहे.

धर्मशास्त्राने ती ठेवली नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात लसूण, कांदा व गाजरासारखे कंद यांच्या पंक्तीला कवकही बसविले आहे व ते द्विजांना अभक्ष्य म्हटले आहे. सहाव्या अध्यायात वानप्रस्थानेही जमिनीवरचे कवक वर्ज्य करावे, असे सांगितले आहे. रानात कंदमुळांवर राहणाऱ्या मनुष्यालाच ही सूचना द्यावी लागली, यावरून रानात ते खाण्याची चाल होती हेच दिसते. पुढे टीकाकारांनी यमाच्या नावाने एक वचन उद्धृत केले आहे. त्यात जमिनीवरचे व झाडावरचे असा दोहोंचा नामनिर्देश करून दोन्ही खाणाऱ्याला अत्यंत मोठ्या पातकाचा धनी ठरविले आहे. म्हणजे झाडावरच्या अळंब्याकरिता जी पळवाट उरली होती, तीही बंद झाली.

या निषेधाचे मूळ कशात असावे, याविषयी तर्क पुष्कळ करता येतात. घाणीवर उगवणारी वस्तू अशुचि मानली गेली असेल, अथवा विषबाधेचे प्रसंग पाहून सावधगिरीने नियम घातला गेला असेल. आपल्या विषयाला मूळ कारणापेक्षा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. ज्या घरांत लेखनवाचनाची परंपरा होती, त्या घरांत अळंबे खाल्ले जात नव्हते. ज्या घरांत खाल्ले जात होते, तेथे लिहून ठेवण्याची सोय नव्हती. त्यामुळे सह्याद्रीतील अळंब्यांविषयीचे बहुतेक सर्व ज्ञान लिपीच्या बाहेर राहिले. ते आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे, झाडाखाली उभे राहून दिले गेले. मराठी भाषेत अळंबे, अळमे, भूछत्र, टेकोडे, सात्या अशी नावे प्रांतोप्रांती आहेत. गोव्यात वारुळावरच्या जातीला निराळे नाव आहे. नावे उदंड असून त्यांचा ग्रंथ मात्र झाला नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज अंमलदारांनी आपल्या प्रांताच्या वनस्पती लिहून काढण्यास आरंभ केला, तेव्हा हा ग्रंथ होण्याचा योग होता. जुन्नरजवळ हिवरे येथे सरकारची औषधी वनस्पतींची बाग होती आणि डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन हे तिची देखरेख करीत. १८४७ मध्ये ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले. सह्याद्रीचे रान तुटत चालले आहे, याविषयी त्यांनी सरकारला वारंवार सावध केले. म्हणजे भीमाशंकरच्या अगदी उशाशी राहून रान पाहणारा हा मनुष्य होता. परंतु त्यांनी डालझेल यांच्याबरोबर १८६१ मध्ये ‘बॉम्बे फ्लोरा’ प्रसिद्ध केला, तेव्हा त्यात अळंबी आली नाहीत. पुढे १९०१ पासून थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ खंडशः निघाला, त्यातही ती नाहीत. हे ग्रंथ फुलणाऱ्या वनस्पतींचे, तेव्हा त्यांना दोष देता येत नाही. तरी पण त्यामुळे झाले असे, की आंब्याच्या पानाफुलांचे सविस्तर वर्णन छापून आले आणि त्याच आंब्याच्या वाळक्या फांदीवर पावसाळ्यात काय उगवते ते मात्र छापून आले नाही.

एका अळंब्याला तेवढी जागा मिळाली, आणि ती मिळाली ती औषध म्हणून. मुंबई सरकारच्या औषधी कोठाराचे प्रमुख विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन व हूपर या दोघांच्या साहाय्याने १८९० ते १८९३ या काळात ‘फार्माकोग्राफिया इंडिका’ हा तीन खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. बाजारात विकली जाणारी व घरोघर वापरली जाणारी औषधे त्यांनी कसोशीने गोळा केली. त्यांत फणसाच्या झाडावर उगवणारे एक अळंबे आहे आणि त्याचे मराठी नाव ‘फणस-अळंबे’ असेच दिले आहे. ते पाण्यात वाटून त्याचा लेप लाळ फार सुटत असल्यास हिरड्यांना लावतात आणि लहान मुलांच्या तोंडात फोड आले असता तोंडाला लावतात, अशी माहिती तेथे आहे. शास्त्रीय नाव मात्र त्यांनी जे दिले, ते युरोपात शिंपला-अळंबे म्हणून प्रसिद्ध असलेल्या जातीचे. ऑस्ट्रियातील जॅक्विन या वनस्पतिशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात हिला नाव दिले. आज ती प्लुरोटस या गणात मोडते.

श्रोत्यांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. शिंपला-अळंबे हे मऊ, रसाळ व खाण्याचे असते. तोडल्यावर ते दोन-तीन दिवसांत कोमेजते, पावसात सडते आणि त्यात तुरटपणा जवळजवळ नसतो. वैद्याच्या बटव्यात वर्षभर राहणारी, पाण्याबरोबर दगडावर झिजवून लावण्याची, हिरड्या आवळून धरणारी अशी वस्तू ती कशी होईल? हे कोडे पुण्यातील कवकशास्त्रज्ञांनी पुढे शंभर वर्षांनी सोडविले. जे. जी. वैद्य व ए. एस. रब्बा यांनी १९९३ मध्ये लोकवैद्यकातील कवकांवर एक लेख इंग्लंडातील नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यानंतरच्या संशोधनातही या विषयाचा पाठपुरावा झाला. त्यावरून आपल्याकडे ‘फणसोंबा’ या नावाने चालणारे औषध म्हणजे फेलिनस या गणातील कवके होत, असे ठरले. फेलिनस हे लाकडासारखे कठीण, तपकिरी, घोड्याच्या खुराच्या आकाराचे असते. ते झाडाच्या खोडावर वर्षानुवर्षे राहते व दरवर्षी त्यावर नवा थर चढतो. दाताने ते चावता येणार नाही, पण सहाणेवर उगाळता येईल.

म्हणजे घडले असे: फणसावर दोन निरनिराळी कवके उगवतात. एक मऊ व भाजीचे, दुसरे कठीण व औषधाचे. दोहोंनाही फणसावरचे अळंबे हेच नाव शोभते. ग्रंथकाराच्या कानी नाव पडले, उपयोगही पडला, परंतु नाव एका वस्तूचे व उपयोग दुसरीचा असा संयोग छापला गेला. ज्या बाईने ते मुलाच्या हिरड्यांवर लावले, तिच्या मनात असा घोटाळा होणे शक्य नव्हते, कारण तिच्या हाताला मऊ काय व कठीण काय ते ठाऊक होते. छापलेल्या पानाला हात नसतो. डायमॉकांच्या परिश्रमाविषयी पूर्ण आदर ठेवूनही हे म्हणावे लागते. त्यांनी ते नाव टिपले नसते, तर आज आपल्यापाशी शोधावयास धागाही उरला नसता.

नावाबरोबर वस्तू व सांगणारा मनुष्य या दोघांनाही धरून लिहिण्याची रीत पूर्वी कोणालाच सुचली नव्हती, असे मात्र नाही. युरोपात कवकांवरचा पहिला मोठा स्वतंत्र निबंध क्लूसियस या पंडिताने १६०१ मध्ये छापला. तो हंगेरीच्या बाजूला हिंडला होता. तेथील खेडुतांना विचारून त्याने खाण्याची अळंबी एकीकडे व विषारी दुसरीकडे अशी मांडणी केली आणि त्यांची हंगेरियन व जर्मन नावेही नोंदली. विद्वानाने खेडुतापाशी शिकण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. आपल्याकडे असा ग्रंथ झाला नाही, याचे कारण बुद्धीची उणीव हे नसून विद्वान व जाणते यांच्यामध्ये असलेली निषेधाची भिंत हे आहे.

ओळखणारा डोळा असला, म्हणजे टाकाऊ वस्तूचे काय होते, याचे एक उदाहरण न्यूझीलंडमध्ये घडले. तेथील तारानाकी प्रांतात गोरे वसाहतवाले रान तोडून शेते करीत होते. पाडलेल्या ओंडक्यांवर कानाच्या पाळीसारखे तपकिरी कवक माजत असे आणि त्यांना ते निव्वळ कचरा वाटे. १८७० च्या सुमारास च्यु चाँग हा चिनी व्यापारी तेथे आला. चीनमध्ये हे कवक शतकानुशतके खाण्यात आहे, हे त्याला ठाऊक होते. त्याने ते रोख पैसे देऊन विकत घेण्यास व परदेशी पाठविण्यास आरंभ केला. त्या पैशावर कित्येक गरीब कुटुंबांनी पहिली कठीण वर्षे काढली. याच जातकुळीचे कानासारखे कवक आपल्या सह्याद्रीतही पावसाळ्यात वाळक्या फांद्यांवर उगवते. आपल्या वाचकांपैकी अनेकांनी ते चिनी पद्धतीच्या खाणावळीतील कढणात खाल्लेही असेल, परंतु घरामागच्या फांदीवर पाहून ओळखले नसेल.

शिंपला-अळंब्याचीही अशीच कथा आहे. पहिल्या महायुद्धात जर्मनीत अन्नाची टंचाई झाली, तेव्हा फाल्क याने १९१७ मध्ये ते ओंडक्यांवर पिकविण्याची रीत प्रसिद्ध केली. आपल्या देशात म्हैसूरच्या अन्नसंशोधन संस्थेत १९६२ च्या सुमारास त्याच गणातील एक जात भाताच्या पेंढ्यावर पिकविण्यात आली. आज ‘धिंगरी’ या उत्तरेकडील नावाने ती पुण्यामुंबईच्या बाजारात मिळते. ज्या घरांतून कुत्र्याची छत्री म्हणून ती पाडून टाकली जात असे, त्याच घरांत आता ती तोलून विकत आणली जाते. स्मृतिकारांचा निषेध अशा रीतीने न बोलता मावळला आहे. मात्र तो पाळला जात असताना जे ज्ञान आपण घेतले नाही, ते त्याबरोबर परत आलेले नाही.

पुण्यात ते मिळविण्याचा प्रयत्न झाला, हेही सांगितले पाहिजे. प्रोफेसर शंकर पुरुषोत्तम आघारकर यांनी १९४६ मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था उभी केली. तिच्यातील ए. व्ही. साठे प्रभृती संशोधकांनी नैर्ऋत्य भारतातील अळंब्यांचा अभ्यास केला व १९८० मध्ये महाराष्ट्रातील अळंब्यांची शास्त्रीय वर्णने प्रसिद्ध केली. १९८७ मध्ये महाराष्ट्रातील एकंदर कवकांची सूचीही तेथूनच निघाली. ही फार मोलाची कामे आहेत. परंतु ती विद्वानांकरिता व इंग्रजीत आहेत. डोंगरावरची म्हातारी ज्या खुणांनी अळंबे ओळखते, त्या खुणांचे मराठी पुस्तक आपल्या घरोघरच्या कपाटात अद्याप आलेले नाही.

याच संस्थेतील वा. द. वर्तक यांनी माधव गाडगीळ यांच्याबरोबर सह्याद्रीतील देवरायांचा अभ्यास केला व १९७६ मध्ये तो जगापुढे मांडला. या विषयाचा अळंब्यांशी निकटचा संबंध आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. भीमाशंकरच्या परिसरात आहुप्यासारख्या गावी अशा राया आजही आहेत. देवराईचा जुना कडक नियम असा, की जिवंत झाड तर तोडावयाचे नाहीच, पण पडलेले लाकूडसुद्धा घरी न्यावयाचे नाही. जळणाकरिता मैलोगणती हिंडणाऱ्या माणसांनी पायाशी पडलेला ओंडका देवाचा म्हणून सोडून द्यावा, हा संयम लहान नव्हे. त्यामुळे मोठमोठी खोडे जागच्या जागी कुजत राहिली. कुजणारे लाकूड हेच झाडावरच्या कवकाचे शेत आहे. जेथे प्रत्येक काटकी चुलीत गेली, तेथे ही कवके उरली नाहीत. जेथे देवाच्या भयाने ओंडका पडून राहिला, तेथे त्यांचे बीज राहिले आणि वाऱ्यावर उडून ते गावातल्या परसापर्यंत येत राहिले.

म्हणजे आपल्या इतिहासात दोन निषेध समोरासमोर उभे आहेत. एक ग्रंथातला, त्याने अळंबे ताटात येऊ दिले नाही आणि त्याबरोबर त्याची ओळखही घालविली. दुसरा रानातला, त्याने ओंडका चुलीत जाऊ दिला नाही आणि त्याबरोबर अळंबे राखले. पहिल्या निषेधाला लिपीचे पाठबळ होते, दुसऱ्याला केवळ गावाच्या श्रद्धेचे. आज पहिला नाहीसा झाला आहे. परंतु दुसराही ठिकठिकाणी सैल होत आहे, ही चिंतेची गोष्ट होय. रस्ते झाले, देवळे पक्की बांधली गेली, राईतले लाकूड विकाऊ झाले. परसातली जुनी झाडेही नव्या घरांच्या पायाखाली जात आहेत.

कायद्याची एक गंमत येथे सांगण्यासारखी आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानात राहणाऱ्यांचा गौण वनोपजावरचा हक्क मान्य केला. त्या कायद्यात वनोपज म्हणजे वनस्पतींपासून मिळणारे, इमारती लाकडावाचूनचे सर्व पदार्थ, असे म्हणून बांबू, मध, मेण, लाख, तेंदू, औषधी वनस्पती, कंद इत्यादींची नावे दिली आहेत. त्या नावांत अळंबे नाही. शास्त्राने तर त्याला वनस्पतींच्या राज्यातूनच बाहेर काढले आहे. ‘इत्यादी’ या शब्दात ते सामावून घेता येईल आणि ते घ्यावेही. पण जी वस्तू लिहिली गेली नाही ती हिशेबातून कशी सुटते, याचे याहून स्पष्ट उदाहरण नको.

आता एक गंभीर इशारा दिल्याशिवाय हे भाषण संपविता येत नाही. हे ऐकून उद्या कोणी परसातले अळंबे तोडून शिजवू नये. भावप्रकाशातील पांढऱ्या जातींची सवलत आजच्या वाचकाने प्रमाण मानू नये. अमानिता या गणातील काही अत्यंत घातक जाती शुभ्र पांढऱ्या असतात. चांदीचा चमचा काळा पडतो की नाही, लसूण निळी होते की नाही, गोगलगाईने खाल्ले आहे की नाही, या परीक्षा सर्वत्र सांगितल्या जातात व त्या सर्व खोट्या आहेत. अमानितेचे विष शिजविल्याने जात नाही. त्याची लक्षणे बहुधा सहा तासांनंतर, पुष्कळदा त्याहूनही उशिरा दिसू लागतात. मध्यंतरी रोग्याला बरे वाटते आणि तोवर यकृताचा नाश चाललेला असतो. लाकडावर उगवणाऱ्या जातींत असे घातक प्रकार कमी आहेत, पण नाहीत असे नाही. जपानात रात्री मंद प्रकाशणारे एक विषारी अळंबे बीच वृक्षाच्या वाळल्या लाकडावर उगवते व ते शिंपला-अळंबे समजून खाल्ल्याने तेथे वारंवार विषबाधा होते.

मग त्या म्हातारीला विषबाधा का होत नाही? याचे उत्तर तिच्या पाहण्याच्या रीतीत आहे. जगातील सर्व अळंबी तिला ओळखता येत नाहीत, आणि तसा तिचा दावाही नसतो. तिला मोजकी चार-पाच ठाऊक असतात, आणि तीही विशिष्ट झाडावर, विशिष्ट महिन्यात, विशिष्ट वयाची. त्यांवाचून बाकी सर्व तिला अनोळखी, म्हणून वर्ज्य. आपल्या अज्ञानाची कड जिला नेमकी ठाऊक आहे, तिचे ज्ञान लहान असले तरी विश्वासाचे असते. म्हणूनच ते फोडून घेता येत नाही. त्यातले नुसते नाव उचलले, की फणस-अळंब्याचे जे झाले तेच पुन्हा होईल, आणि तेव्हा चूक ग्रंथातच न राहता कोणाच्या तरी ताटात येईल.

या पिढीतील जाणत्या बायका आता वृद्ध झाल्या आहेत. त्यांच्या नाती शिक्षणाकरिता घोडेगाव, मंचर, पुणे येथे राहतात. पावसाळ्याचे महिने त्या गावी नसतात आणि हे शिक्षण तर पावसाळ्यातच, झाडाखाली मिळते. याबद्दल त्या मुलींना बोल लावणे अन्यायाचे होईल, कारण शाळा हा त्यांचा हक्क आहे. उलट त्यांच्यापाशी आता ती वस्तू आली आहे, जी त्यांच्या आज्यांपाशी नव्हती: लेखणी. सुट्टीत घरी गेलेल्या एखाद्या मुलीने आजीबरोबर परसात उभे राहून एकेका अळंब्याची नोंद केली, तर अडीच हजार वर्षांत झाले नाही ते काम होईल. त्या नोंदीत घरचे नाव असावे, झाड असावे, झाड जिवंत की वाळलेले ते असावे, महिना असावा, वरची व खालची बाजू कशी दिसते ते असावे, खातात की उगाळतात ते असावे, काय खाऊ नये तेही असावे. विज्ञानवर्धिनीसारख्या संस्थांनी त्या नोंदीला शास्त्रीय नाव जोडून द्यावे. आणि शेवटी, सांगणारी तयार असेल तर, तिचेही नाव त्या पानावर असावे. डायमॉकांच्या ग्रंथात फणस-अळंब्याखाली तीन विद्वानांची नावे आहेत, पण ज्या घरातून ती माहिती आली त्या घराचे नाव नाही. तसे पुन्हा होऊ नये.

शहरातील श्रोत्यांनी काय करावे? परसात जुने झाड असेल, तर त्याची एखादी वाळकी फांदी, अंगावर पडण्याचे भय नसल्यास, तशीच राहू द्यावी. पावसाळ्यात तिच्यावर काय उगवते ते मुलांना दाखवावे. हात लावू न देता पाहावयास शिकवावे, आणि काठी मात्र उगारू नये.